पाचवीच्या आधी टोपी पोचू द्या

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलणार आहोत, ते हाताने केलेल्या एका भेटीबद्दल. बाळंतविडा हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. बहिणीला, नणंदेला, मैत्रिणीच्या लेकीला बाळ झालं की आपण टोपडं, झबलं, मोजे, दुपटं, छोटी गोधडी असं काहीतरी घेऊन जातो. कोणी विकत आणतं, कोणी घरी करतं. ज्यांच्या हातात सुई किंवा क्रोशा आहे, त्या लोकरीचे दोन गुंडे आणून विणायला बसतात.

हे सगळं आपण बहुतेक बारशाला देतो, म्हणजे बाराव्या दिवशी. आज आम्हाला सांगायचं आहे ते एवढंच, की यातली टोपी बारशाची वाट बघत थांबू नये. ती बाळाच्या जन्माच्या वेळी आईच्या पिशवीत असावी. का, कशी विणायची, कोणत्या धाग्याची, आणि आधी देताना घरातल्या मोठ्यांचं मन कसं राखायचं, हे आपण एकेक करून बघू.

बाळाला थंडी का लागते

आपल्याला वाटतं, कोकणात कसली आली आहे थंडी! पण बाळाचं गणित वेगळं आहे. पोटात ते उबेत असतं. बाहेर येतं तेव्हा अंग ओलं असतं आणि खोलीतली हवा पोटातल्यापेक्षा कितीतरी गार असते. पावसाळ्यात माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांत भिंतीसुद्धा ओल्या असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे डोंगरावरून येणारा वारा कुडाच्या फटींतून सरळ आत शिरतो. मोठं माणूस कुडकुडतं, पांघरूण ओढतं, शेकोटीजवळ सरकतं. तान्ह्याला यातलं काहीच येत नाही.

त्यातून बाळाच्या अंगाच्या मानाने डोकं मोठं असतं. ते उघडं आणि ओलं राहिलं तर तिथूनच खूप ऊब निघून जाते. जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी भरलेल्या बाळाच्या कातडीखाली चरबीही थोडी असते, म्हणून ते आणखी लवकर गार पडतं. गार पडलेलं बाळ ऊब धरण्यातच आपली ताकद खर्च करतं. मग त्याला दूध ओढायला जोर राहत नाही. दूध कमी गेलं की ताकद आणखी कमी, आणि बाळ आणखी गार. हे चक्र एकदा सुरू झालं की फार वेळ लागत नाही. म्हणून पहिले काही दिवस सगळ्यांत नाजूक.

आपल्या जुन्या बायकांना हे कळत होतं. पाचवीला आपण सटवाई पूजतो, पाटा-वरवंटा मांडतो, दिवा विझू देत नाही, रात्र जागवतो. सटवाई त्या रात्री बाळाचं नशीब लिहिते असं म्हणतात. त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे, की पहिले पाच-सहा दिवस निघाले तर पोर हाती लागलं. मग ज्या भेटीने त्या दिवसांत बाळाला आधार मिळेल, ती बाराव्या दिवशी नेऊन कसं चालेल?

टोपीचं खरं काम

टोपी शोभेची वस्तू नाही, हे गडचिरोलीत फार चांगलं दिसलं. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी तान्ह्या बाळांची काळजी घेतली. बाळाचं वजन करणं, दूध नीट पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग वेळेवर ओळखून औषध देणं, आणि बाळाला उबेत ठेवणं, अशी ती कामं होती. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. अर्थात एकट्या उबेने हे झालं नाही, पण ऊब हा त्या कामाचा एक भाग होता. पुढे २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, त्या याच धर्तीवर. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही येतात.

दुसरी गोष्ट कांगारू पद्धतीची. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आईच्या अंगाची ऊब हीच पेटी. आता जगभर ही पद्धत वापरतात. २०२१ साली पाच देशांतल्या दवाखान्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. आधी बाळ स्थिर होऊ दे मग आईजवळ देऊ, असं न करता जन्मानंतर लगेच छातीशी दिलं, तेव्हा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

आता या पद्धतीत बाळाच्या अंगावर काय असतं ते ऐका. लंगोट, मोजे आणि टोपी. बस्स. बाकी अंग आईच्या कातडीला चिकटलेलं, आणि वरून दोघांभोवती कापड. म्हणजे मैत्रिणींनो, आपण विणतो त्यातल्या दोनच वस्तू तिथे लागतात. झालर लावलेलं स्वेटर तिथे उपयोगाचं नाही. डोक्याला नीट बसणारी साधी टोपी मात्र हवीच.

‘नीट बसणारी’ हा शब्द लक्षात ठेवा. बाजारातल्या टोप्या स्वस्त असतात, सुती असतील तर चांगल्याही असतात. पण त्या धडधाकट बाळाच्या मापाच्या. दोन किलोच्या बाळाला ती टोपी घातली की डोळ्यांवर उतरते, नाहीतर मागे निघून पडते. हाताने विणण्याचा खरा फायदा इथे आहे. आपण माप लहान करू शकतो.

दोन सुयांची टोपी

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो. कमी वजनाच्या बाळाचा २८ ते ३२. टोपी ताणते, म्हणून ती घेरापेक्षा थोडी लहानच विणायची. समोर बाळ नसतं तेव्हा मापाला सोललेला नारळ घ्या. टेपने घेर मोजून ३३-३४ सेंटीमीटरचा एक नारळ आणि ३० सेंटीमीटरचा एक लहान नारळ बाजूला ठेवा. टोपी त्यावर घालून बघता येते.

चार पदरी बेबी लोकर आणि १० नंबरच्या सुया घ्या. आधी चार बोटं रुंदीचा नाही, चांगला मोठा नमुना विणा आणि १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. २८ च्या आसपास बसले तर पुढचा हिशोब तुमचाच. हात सैल असेल तर टाके थोडे कमी घाला, घट्ट असेल तर जास्त, मात्र संख्या आठच्या पटीत ठेवा.

मोठ्या टोपीसाठी ८० टाके घाला. पहिले तीन सेंटीमीटर एक सुलट, एक उलट असं विणा, त्याने काठ ताणतो आणि डोक्याला धरून बसतो. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असं काठ धरून नऊ सेंटीमीटर उंची होईपर्यंत. आता घटवायला लागा. सुलट ओळीत आठ टाके विणा आणि पुढचे दोन एकत्र घ्या, असं आठ वेळा. ७२ टाके उरतील. पुढची ओळ नुसती उलट. मग सात टाके विणून दोन एकत्र, उरतील ६४. असंच दर सुलट ओळीला मधला एकेक टाका कमी करत जा. शेवटी सुईवर आठ टाके राहतात. धागा हातभर ठेवून कापा, मोठ्या सुईने त्या आठ टाक्यांतून ओवा, घट्ट ओढा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घाला. शिवण चपटी ठेवा. बाळ सारखं पाठीवर असतं, जाड शिवण टोचते.

लहान टोपीसाठी ६४ टाके घाला, काठासकट सात सेंटीमीटर सरळ विणा, आणि सहा टाके विणून दोन एकत्र, इथून घटवायला सुरुवात करा. २५ ग्रॅमच्या एका गुंड्यात एक टोपी सहज होते. कर्जत स्टेशनवर दोन-तीन वडापावांना जेवढे पैसे जातात, तेवढ्यात लोकर येते.

क्रोशावाल्यांनी टाळूपासून सुरू करावं. गोल चकती विणत जा. चकती १० सेंटीमीटर रुंद झाली की टाके वाढवणं थांबवा, लहान बाळासाठी ९ सेंटीमीटरवरच थांबवा. मग न वाढवता सरळ खाली आठ सेंटीमीटर उतरा. टाका आखूड आणि दाट हवा. जाळीची टोपी फोटोत छान दिसते, पण तिच्यातून वारा जातो आणि बाळाची बोटंही अडकतात.

धागा कोणता घ्यायचा

इथे आपल्या हवेचा विचार करावा लागतो. विणकामाची चित्रं आणि नमुने बहुतेक थंड मुलखातले. तिथली जाड लोकर आपल्याकडे मे महिन्यात वापरली तर बाळ घामाने भिजेल, आणि भिजलेली टोपी वाऱ्यावर पुन्हा गार पडते.

फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत सुती धागा वापरा. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला उन्हाळ्यात घरात दिवसभर टोपीची गरजही नसते. न्हाऊ घातल्यावर डोकं सुकेपर्यंत आणि पहाटे वारा सुटला तर तेवढ्यापुरती घाला. कमी वजनाच्या बाळाचं मात्र नर्सताई किंवा आशाताई सांगतील तसं करा.

पावसाळ्यात आपला मुख्य शत्रू ओल. आषाढात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. तेव्हा एक जाड टोपी देण्यापेक्षा तीन पातळ टोप्या द्या. एक डोक्यावर, एक दोरीवर, एक कोरडी घडी करून ठेवलेली. टाळूवर तेल भरतात, त्याने टोपी तेलकट ओली होते. तेल मुरू द्या, पुसून घ्या, मग कोरडी टोपी घाला.

कार्तिकापासून माघापर्यंत लोकर चांगली. त्यातही एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक चांगले, कारण मधली हवा ऊब धरते.

आता बाजारातल्या लोकरीबद्दल. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बरीचशी अ‍ॅक्रिलिक असते. ती मऊ असते, स्वस्त असते, धुवायला सोपी असते. पण आगीजवळ ती वितळते आणि कातडीला चिकटते. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीचा शेक देतात, धुरी देतात. अ‍ॅक्रिलिकची टोपी, मोजे घालून बाळाला निखाऱ्यांजवळ अजिबात नेऊ नका, आणि ती चुलीवरच्या दोरीवर वाळतही घालू नका. धागा ओळखायचा असेल तर बोटभर तुकडा अंगणात ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिचा बोटांत चुरा होतो. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. तो गार होईपर्यंत हात लावू नका.

धागा टोचतो का हे हाताला कळत नाही, कामाने आपले हात राठ झालेले असतात. तो गालावर किंवा मानेवर घासून बघा. आणि देण्याआधी टोपी धुऊन, उन्हात वाळवूनच द्या.

काय लावायचं नाही

आपल्याला भेट सजवायची हौस असते. पण तान्ह्या बाळासाठी सजावट म्हणजे धोका. मणी, मोती, बटण, गोंडा यातलं काहीही सुटलं तर तोंडात जातं. टोपड्याचे बंद हनुवटीखाली बांधतात, झोपेत ते गळ्याशी आवळले जाऊ शकतात. म्हणून बंद नकोतच. काठाला ताण असेल तर टोपी बंदाशिवाय राहते. मोज्यांना घोट्याशी रबर किंवा घट्ट नाडी नको, पायाला वळ उठतो. मोजा उलटा करून आतले सुटे धागे कापा आणि टोकं पक्की करा, कारण आतला धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही.

नजर लागू नये म्हणून गळ्यात, मनगटात काळा दोरा बांधतात. त्याऐवजी आमच्या गटांतल्या बायका टोपीच्या काठावर एका बाजूला काळ्या धाग्याचा एकच पक्का टाका घालतात. आजीचंही समाधान होतं आणि बाळाच्या गळ्यात काही नसतं.

आणि एक. टोपी दिली म्हणजे बाळाला सतत गुंडाळून ठेवायचं असं नाही. बाळाच्या पोटाला आणि तळपायांना हात लावून बघा. दोन्ही उबदार असले तर ठीक. पोट उबदार पण तळपाय गार, तर बाळाला थंडी लागते आहे. छातीशी घ्या, पांघरूण घाला. दोन्ही गार असतील, किंवा बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, तर थांबायचं नाही. छातीशी तसंच धरून १०८ किंवा १०२ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. उलट मान घामेजली असेल, अंग तापल्यासारखं लागत असेल तर एक कपडा कमी करा. कपडा कमी करूनही अंग गरमच राहिलं तर तो ताप असू शकतो, तेव्हा लगेच दवाखान्यात दाखवा. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर पांघरूण कधीच ओढू नका.

पिशवीत आणखी काय

टोपीबरोबर जोडीला काही साध्या वस्तू दिल्या की बाळंतविडा कामाचा होतो. जुन्या सुती साडीसारखं मऊ कापड दुसरं नाही. एका साडीत मीटरभर लांबीचे पाच तुकडे निघतात. त्यांतले दोन दुपट्यांसाठी ठेवा. बाळ जन्मलं की एका कापडाने कोरडं पुसायचं आणि ते ओलं कापड बाजूला टाकून दुसऱ्या कोरड्या कापडात घ्यायचं. एकच कापड असेल तर बाळ ओल्यातच गुंडाळलं जातं. तिसरा तुकडा चौकोनी ठेवून काठ शिवा. तो तिरका दुमडला की बाळाला छातीशी बांधायला होतो. उरलेल्यांचे लंगोट करा. सगळं गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा. पिशवीचा पुढचा कप्पा माता-बाल संरक्षण कार्डासाठी.

आणि न्हाऊ घालण्याची घाई नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिली अंघोळ किमान २४ तासांनी. तोवर नुसतं कोरडं पुसणं पुरे.

ज्यांना विणता येत नाही त्यांनी असं समजू नये की भेट देता येणार नाही. दुपटं शिवायला साधा धावदोरा पुरतो, आणि धावदोरा आपल्याकडच्या प्रत्येक बाईला येतो. गोधडी आपली घरचीच कला आहे. सुई-दोऱ्याचं काम आणि बाळंतिणीची काळजी, ही जोडीही आपल्याकडे जुनी. १९०९ पासून रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन चालवलं, तिथे बायकांना शिवणकामही शिकवलं गेलं आणि परिचारिका होण्याचीही वाट उघडली.

आधी द्यायचं कसं

आता अवघड भाग. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळ होण्याआधी त्याचे कपडे आणत नाहीत. अपशकुन मानतात. ज्या घरात आधी एखादं मूल गेलं असेल, तिथे तर ही भीती फार खोल असते. तिची थट्टा करू नका, वादही घालू नका. त्या भीतीलाही कारण आहे.

आम्ही त्यावर एक वाट काढली आहे. पिशवी तिच्या घरात ठेवायचीच नाही. ती गटाच्या पेटीत ठेवायची. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, तेव्हा ओटीत नारळ, तांदूळ, खण घाला, जे नेहमीचं ते. फक्त तिला आणि तिच्या सासूला किंवा आईला सांगून ठेवा, की पिशवी तयार आहे. कळा सुरू झाल्या की गटातली जवळची बाई ती पिशवी घेऊन गाडीत बसते. मग दवाखाना कशेळ्याचा असो, कर्जतचा असो की चौकचा. घरात काही आलं नाही, शब्द मोडला नाही, आणि बाळाच्या डोक्याला टोपी वेळेवर मिळाली. यात सासूबाईंना सामील करून घ्या. त्यांच्या जुन्या साडीचं दुपटं केलं तर त्या स्वतःच पिशवीची आठवण ठेवतात.

फिनलंड या थंड देशात सरकार १९३८ सालापासून गरीब आयांना बाळंतविड्याची पेटी देऊ लागलं, आणि १९४९ पासून सगळ्यांना. पेटीत कपडे, टोपी, पांघरूण असतं, आणि रिकामी पेटी बाळाचं अंथरूण म्हणूनही चालते. त्याला एक अट होती. आईने चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घ्यायची. त्या पेटीने बायका दवाखान्यापर्यंत आल्या. आपण अट घालणारे कोण? पण टोपी विणणारी मैत्रीण महिन्यातून दोनदा तिच्या दाराशी बसली, तर आपोआप विचारलं जातं: वजन केलंस का, लोहाच्या गोळ्या घेतेस का, पायाला सूज आहे का, डोकं दुखतं का. ही चौकशी हासुद्धा बाळंतविड्याचाच भाग समजा.

कातकरी वाड्यांसाठी एक गोष्ट वेगळी करावी लागते. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. थंडीतलं बाळंतपण मग गावापासून दूर, झापाच्या झोपडीत होण्याची भीती असते. तिथे आपली पेटी पोचत नाही. म्हणून नवरात्रातच आशाताई आणि अंगणवाडीताईंबरोबर बसून कोणाला कितवा महिना आहे याची यादी करा, आणि त्या बायकांना पिशवी निघतानाच बरोबर द्या. त्यांच्या बोचक्यात ती मावली पाहिजे, म्हणून आटोपशीर ठेवा. कार्ड बरोबर आहे ना बघा, आणि जिथे जाणार तिथल्या जवळच्या दवाखान्याचं नाव विचारून आशाताईंकडून त्यावर लिहून घ्या.

गटाच्या हिशोबात

गटांसाठी शेवटचं दोन शब्द. बाळंतविड्याची लोकर बचतीच्या पैशांतून आणू नका. बचत ही प्रत्येकीची ठेव आहे. लोकरीसाठी वेगळा डबा ठेवा, ज्यांना जमेल त्यांनी बैठकीच्या दिवशी त्यात काही टाकावं, आणि जमा-खर्च इतिवृत्तात लिहावा. ज्यांना पैसे देता येत नाहीत त्या जुनी साडी देतात, ज्यांच्याकडे साडीही नाही त्या दोन तास हात लावतात. तिन्हींची नोंद सारखीच ठेवा. विणणाऱ्या बाईचे दोन दिवस जातात, ते फुकटचे नाहीत; वहीत तिचं नाव येऊ द्या. पुढे कोणी विकण्यासाठी टोप्या विणल्या तर त्या वेगळ्या, त्यांचा हिशोब वेगळा. भेटीच्या पेटीतली टोपी विकायची नाही.

पेटीत कायम चार पिशव्या तयार असाव्यात, दोन मोठ्या टोप्यांच्या आणि दोन लहान टोप्यांच्या. एक गेली की पुढच्या बैठकीत तिच्या जागी दुसरी विणायला घ्यायची. बाळ मोठं झालं, टोपी लहान झाली, की आईने ती धुऊन परत दिली तर आनंदाने घ्या. नाही दिली तरी विचारू नका. काही आया ती जपून ठेवतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

बारशाला जायचंच आहे. घुगऱ्या खायच्या आहेत, पाळणा म्हणायचा आहे, रंगीत झबलंही न्यायचं आहे. ते सगळं बाराव्या दिवशी. टोपी मात्र त्याआधी, पाचवीच्याही आधी, पहिल्याच दिवशी. या आठवड्यात तुमच्या वाडीत कोणाला सातवा लागला आहे ते विचारून ठेवा, आणि ६४ टाके घालायला घ्या.